ब्रह्मी चित्रकाराची कारकीर्द श्रोत्यांपुढे कशी मांडावी

म्यानमारमधल्या एखाद्या समकालीन दृश्यकलावंतावर तासाभराचे सचित्र व्याख्यान करायचे असेल, तर तयारीसाठी निदान सहा आठवडे हाताशी ठेवावेत. त्यांतले निम्मे चित्रे पाहण्यात जातात. उरलेले नावे, तारखा आणि परवानग्या यांत जातात, आणि व्याख्यान फसते ते बहुधा या दुसऱ्या भागात. नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या छोट्या रसिक मंडळात आणि पुढे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मी थेइन लिन या ब्रह्मी चित्रकारावर आजवर तीन वेळा बोललो आहे. पहिल्या खेपेला तुरुंग, छळ, धैर्य असे सगळे रंगवून सांगितले आणि टाळ्याही मिळाल्या. मात्र प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, त्यांच्याकडे ब्रश नव्हता म्हणता, मग रेष ओढली कशाने?’’ मला धड उत्तर देता आले नाही. तासभर चित्रकारावर बोलून चित्राविषयी मी काहीच सांगितले नव्हते. पुढे जे लिहिले आहे ते त्या फजितीनंतर दुरुस्त करत आणलेल्या पद्धतीचे टिपण समजावे.

एका व्याख्यानाला एकच कलावंत घ्यावा. ‘म्यानमारची समकालीन कला’ असा ऐसपैस विषय घेतला की नावांची जंत्री होते आणि घरी जाताना श्रोत्याच्या लक्षात एकही नाव राहत नाही. निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात: दाखवण्याजोग्या स्पष्ट प्रतिमा पुरेशा मिळतात का, आणि त्या कलावंताने स्वतःच्या कामाविषयी मुलाखतींतून काही बोलून ठेवले आहे का. थेइन लिन यांच्याबाबत दोन्ही गोष्टी जुळतात, म्हणून उदाहरणादाखल मी त्यांनाच धरून चालणार आहे. मात्र तुरुंगवास हीच ब्रह्मी कलावंताची ओळख आहे असा समज होऊ नये, यासाठी आणखी एक-दोन वाटा सुरुवातीलाच ओझरत्या दाखवाव्यात. १९४६ मध्ये जन्मलेल्या आंग म्यिन यांनी यांगूनमध्येच राहून १९८९ मध्ये इन्या कलादालन उभारण्यात पुढाकार घेतला आणि पुढची पिढी तिथे वावरली. १९८३ मध्ये जन्मलेल्या मो सात यांनी रंग-कॅनव्हास बाजूला ठेवून स्वतःचा चेहरा आणि बोटे यांनाच माध्यम केले. दोघांना मिळून तीन मिनिटे पुरतात.

नावांचा प्रश्न मात्र तीन मिनिटांत सुटत नाही. ब्रह्मी नावांत आडनाव नसते, त्यामुळे ‘लिन यांनी चित्र काढले’ असे म्हणणे म्हणजे माणसाचे अर्धे नाव तोडण्यासारखे आहे. दर वेळी पूर्ण ‘थेइन लिन’ असेच म्हणावे. नावाआधी येणारे ‘ऊ’, ‘डॉ’, ‘को’, ‘मा’ हे शब्द नावाचा भाग नसून आपल्याकडच्या राव, ताई, दादा यांसारखी आदराची किंवा जवळिकीची संबोधने आहेत, आणि ‘डॉ’ पाहून एखाद्या बाईंना डॉक्टर करून टाकण्याची चूक छापील पत्रिकेत सहज होते. इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार करताना आणखी काळजी घ्यावी. त्यात ‘एच’नंतर ‘टी’ आला की तो आपला ‘थ’ असतो. ‘के’ आणि ‘वाय’ जोडून आले की ‘च’ होतो, म्हणूनच आंग सान सू ची यांच्या नावाचा शेवट ‘की’ नसून ‘ची’ आहे. ‘जी’ आणि ‘वाय’ जोडून आले की ‘ज’ होतो, म्हणून तिकडची लुंगी ही ‘लोंजी’ आहे. आणि ‘म्यिन’सारख्या नावाच्या शेवटी लिहिलेला ‘टी’ केवळ सूर दाखवण्यासाठी असल्यामुळे तो उच्चारायचाच नसतो. मराठी माणसाला इथे एक फायदा आहे: थ आणि त, ख आणि क यांतला भेद आपल्या कानाला जन्मजात कळतो, तो इंग्रजीतून आलेल्या वाचकाला शिकावा लागतो. तेव्हा ब्रह्मी बातमीपत्रांच्या ध्वनिफिती ऐकून नाव थेट देवनागरीत उतरवावे आणि त्या नोंदीवरूनच बोलावे.

देशाचे नाव काय घ्यावे, हेही आधी ठरवावे. १९८९ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने इंग्रजी नाव बदलून म्यानमार केले आणि रंगूनचे यांगून झाले. मी आजच्या देशासाठी म्यानमार, इंग्रजी अमदानीच्या संदर्भात ब्रह्मदेश आणि विशेषण म्हणून ब्रह्मी असे वापरतो. विशेषण छापताना मुद्रित स्वतः तपासावे. आमच्या दुसऱ्या व्याख्यानाच्या पत्रकात अक्षरजुळणी करणाऱ्याने ‘ब्रह्मी’चे ‘ब्राह्मी’ केले, आणि पुराभिलेखांचा अभ्यास असलेले एक वयोवृद्ध गृहस्थ अशोकाच्या शिलालेखांवर ऐकायला मिळेल या आशेने पहिल्या रांगेत येऊन बसले. ते शेवटपर्यंत थांबले, हा त्यांचा मोठेपणा.

कालपट एका पानात

यानंतर एका आडव्या कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे देशात काय घडले ते आणि उजवीकडे कलावंताने काय केले ते. डावा रकाना आधी भरावा. १९६२ मधली ने विन यांची लष्करी सत्ता. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ च्यातच्या (च्यात हे तिथले चलन) नोटा एका फटक्यात रद्द होणे (२०१६ नंतर नागपुरात हे समजावून सांगावे लागत नाही). ८ ऑगस्ट १९८८ चा लोकशाहीसाठीचा उठाव. ऑगस्ट २०१२ मध्ये छपाईपूर्व सेन्सॉरशिप उठणे. १ फेब्रुवारी २०२१ चा लष्करी उठाव. एवढ्या नोंदी पुरेत. २०१२ च्या आधीच्या दशकांत चित्रप्रदर्शनही उघडण्यापूर्वी सेन्सॉरच्या मंडळाला दाखवावे लागे, हे मात्र मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, कारण तिथल्या अनेक कलावंतांनी भिंतीवरच्या चित्राऐवजी क्षणात होऊन जाणाऱ्या सादरीकरणाची वाट का धरली, याचा एक धागा तिथे आहे. जे टांगलेलेच नाही ते उतरवणार कसे?

उजवा रकाना थेइन लिन यांचा. जन्म १९६६, इरावतीच्या खोऱ्यात. रंगून विद्यापीठात कायद्याचे शिक्षण आणि तिथेच आ-न्येइन या पारंपरिक नाट्यप्रकारात विनोदी भूमिका. १९८८ च्या उठावात सहभाग, त्यानंतर सीमा ओलांडून मणिपूरच्या बाजूला निर्वासितांच्या छावणीत, जिथे मंडालेचे चित्रकार सित न्येइन ए यांच्याकडून चित्रकलेचे धडे मिळाले. म्हणजे या कलावंताची पहिली चित्रशाळा भारतीय हद्दीत भरली, ही गोष्ट आपल्याकडे आवर्जून सांगावी. पुढे काचिन प्रांतातली बंडखोर विद्यार्थ्यांची छावणी, तिथे १९९१-९२ मध्ये आपल्याच साथीदारांकडून हेर असल्याच्या संशयावरून कैद आणि छळ, सुटका, परत येऊन कायद्याची पदवी. १९९८ मध्ये सरकारकडून अटक. २००४ मध्ये सुटका. २००६ मध्ये लंडन, २००७ मध्ये तिथल्या एशिया हाउसमध्ये तुरुंगातल्या चित्रांचे प्रदर्शन, २०१३ मध्ये मायदेशी परत. ऑगस्ट २०२२ मध्ये पत्नी विकी बोमन, म्हणजे म्यानमारमधल्या ब्रिटनच्या माजी राजदूत, यांच्यासह पुन्हा अटक, एक वर्षाची शिक्षा, आणि १७ नोव्हेंबर २०२२ च्या माफीत सुटका.

प्रत्येक तारीख एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ठिकाणी पडताळावी. कलादालनांची प्रसिद्धिपत्रके एकमेकांवरून उतरवलेली असतात, त्यामुळे पाच पत्रकांत सारखी तारीख आढळली म्हणून ती पाच वेळा सिद्ध होत नाही; ती एकदाच सांगितली गेलेली असते. जी पडताळता येत नाही ती तारीख सोडून द्यावी, व्याख्यान तिच्यावाचून अडत नाही.

हा कागद पूर्ण झाला की तोच क्रमाने वाचून दाखवावा असा मोह होतो. तो टाळावा. हा कागद तुमच्या खिशात राहावा, पडद्यावर येऊ नये. कारण तो वाचला की कारकीर्द म्हणजे अटक आणि सुटका यांची मालिका होते आणि चित्रे त्या मालिकेची सजावट ठरतात. माझ्या पहिल्या व्याख्यानाचे नेमके हेच झाले होते.

वस्तूंच्या वाटेने

त्याऐवजी तीन वस्तू निवडाव्यात आणि कारकीर्द त्या वस्तूंवर टांगावी: कापड, साबण आणि प्लास्टर. तिन्ही गोष्टी नागपुरात शे-दोनशे रुपयांत मिळतात, आणि वक्त्याने त्या व्याख्यानापूर्वी स्वतः हाताळलेल्या असाव्यात असा माझा आग्रह आहे.

कापड आधी. १९९८ ते २००४ या काळात थेइन लिन यांनी कैद्यांच्या गणवेशाच्या पांढऱ्या सुती कापडावर चित्रे काढली आणि ती लपवून बाहेर पाठवली. अशी दोनशेहून अधिक चित्रे वाचली, आणि पुढे ती ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत सांभाळण्यासाठी ठेवली गेली. हे वाक्य ऐकून श्रोता मान डोलावतो, पण त्याला काही दिसत नाही. म्हणून गांधीबागेच्या कापडबाजारातून दोन मीटर मांजरपाट आणावा. तो तसाच वापरू नये. त्यातली खळ रंग आत मुरू देत नाही, त्यामुळे गरम पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, इस्त्री न करता वाळवावा, म्हणजे अंगावर वापरून मऊ झालेल्या कापडाच्या जवळपास तो येतो. मग भिंतीला लावण्याचा साधा रंग थोडा वाटीत घ्यावा आणि ब्रश दूर ठेवावा. थेइन लिन यांनी वापरलेल्या साधनांत इंजेक्शनची सिरिंज, सिगारेटचा लायटर, वाडगा आणि स्वतःची बोटे होती. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये रंग भरून रेष ओढून पाहा. दट्ट्यावर अंगठा ठेवताक्षणी रंगाचा ठिपका पडतो, मग रेष धावते, आणि हात थांबला की तिथे पुन्हा ठिपका साचतो. मध्येच विचार करायला थांबलात तर कापडावर त्या विचाराची जागा कायमची उमटते. लायटरचे दातेरी चाक रंगात बुडवून फिरवले की बारीक दातऱ्यांची, शिवणीच्या धावदोऱ्यासारखी खूण येते. वाडग्याच्या कडेला रंग लावून दाबला की एका झटक्यात निर्दोष वर्तुळ मिळते, जे हाताने काढायला चांगल्या चित्रकारालाही जड जाते.

हे अर्धा तास केले की त्यांच्या तुरुंगातल्या चित्रांतली घाई, ठशांची पुनरावृत्ती, गर्दी करून बसलेल्या आकृत्या या सगळ्यांकडे नजर वेगळी जाते. ती केवळ शैली नाही आणि केवळ नाइलाजही नाही. हाताशी आलेल्या हत्याराने जी खूण दिली ती खूण भाषेत बसवून घेण्याचे काम तिथे झालेले आहे. व्याख्यानात मी आता एकच कापडी चित्र सात-आठ मिनिटे पडद्यावर ठेवतो आणि प्रत्येक खूण कशाने उमटली असावी हे श्रोत्यांनाच ओळखायला सांगतो, अगोदर त्यांच्या हातात सिरिंजच्या रेषेचा माझा नमुना देऊन. मागच्या रांगेतल्या त्या विद्यार्थिनीचे उत्तर हेच होते.

साबणाला कमी वेळ लागतो, पण तो विसरला जात नाही. तुरुंगात असताना थेइन लिन यांनी कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस कोरला, चौकटीत दाटीवाटीने मावलेला, जणू वडी हीच त्याची कोठडी. पुढे अशाच कोरलेल्या वड्या मांडून त्यांनी सबंध देशाचा नकाशा तयार केला आणि तो २०१६ च्या सिंगापूर बिएनालेत, म्हणजे तिथल्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात, मांडला गेला. स्वतः कोरून पाहायचे असेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात एक अडचण येते: एप्रिल-मे महिन्यांत वडी वाळून इतकी कडक होते की पातेही नीट शिरत नाही आणि कोपरे टवके होऊन उडतात. रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली वडी सकाळी लोण्यासारखी नाही, पण खरवडलेल्या खोबऱ्याइतपत मऊ होते. चाकूऐवजी चमच्याच्या दांड्याने कोरावे. माणसाची पाठ वडीच्या कडेला टेकलेली ठेवा आणि कड तुटू देऊ नका. पाय पसरायला जागा नाही हे आपल्या हातालाच कळते. व्याख्यानात ही वडी रांगेतून फिरवावी, आणि ती फिरत असताना आपण बोलू नये.

तिसरी वस्तू प्लास्टर. लंडनमध्ये सायकलच्या अपघातात थेइन लिन यांचा हात मोडला आणि तो प्लास्टरमध्ये ठेवावा लागला. मोडलेले हाड सांधायला जे वापरतात तेच मोडलेल्या समाजासाठी वापरावे, या कल्पनेतून २०१३ पासून त्यांनी माजी राजकीय कैद्यांच्या हातांचे प्लास्टरचे साचे घ्यायला सुरुवात केली, आणि ते काम चारशेहून अधिक हातांपर्यंत गेले. इथे कारकिर्दीचा कल बदलतो, तो स्पष्ट करून सांगावा: कापडावर एकटा माणूस लपूनछपून काम करत होता, प्लास्टरच्या कामात समोर दुसरा माणूस बसवावा लागतो, त्याचा हात धरावा लागतो, आणि प्लास्टर सुकेपर्यंत दोघांना बोलण्यावाचून गत्यंतर नसते. ज्या माणसाला १९९१-९२ मध्ये स्वतःच्याच साथीदारांनी कैद केले होते त्याने पुढे शेकडो हात धरून बसावे, याचा अर्थ मी श्रोत्यांवर सोडतो.

प्लास्टर प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर जपून. चितारओळीतल्या मूर्तिकारांना कोणाला विचारले तरी ते सांगतील की प्लास्टर घट्ट होताना तापते. भांडेभर कालवलेल्या प्लास्टरमध्ये हात बुडवण्याचा प्रयोग कधीही करू नये. जाड थर तापून कातडी गंभीर भाजू शकते आणि घट्ट झालेला हात बाहेरही निघत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी प्लास्टरची पट्टी कोमट पाण्यात भिजवून, हाताला आधी भरपूर व्हॅसलिन लावून, फक्त वरच्या बाजूने दोन-तीन थर द्यावेत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत साचा उचलून निघतो. हे मंचावर न करता घरी करावे आणि तयार साचा न्यावा.

नागपूरचे धागे, पण बेताने

आपल्याकडच्या श्रोत्यापाशी ब्रह्मदेशाच्या दोन आठवणी आधीपासूनच असतात. एक मंडालेची: टिळक १९०८ ते १९१४ तिथल्या तुरुंगात होते, आणि थेइन लिन यांच्या कैदेतला काही काळही मंडालेच्याच तुरुंगात गेला. दुसरी दीक्षाभूमीची: १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना धम्मदीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीर हे मूळचे ब्रह्मदेशाचे, आणि बाबासाहेब स्वतः १९५४ मध्ये रंगूनच्या बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. या आठवणींनी दार उघडावे, दहा वाक्यांत, आणि मग ते दार लोटून आत जावे. टिळक आणि थेइन लिन यांची तुलना करत बसू नये. एकाला कागद आणि पुस्तके मिळत होती, दुसऱ्याला कापड लपवावे लागत होते, आणि दोघांचे काम वेगळे होते. तिसऱ्या व्याख्यानात मी या तुलनेत वीस मिनिटे घालवली आणि साबणाला वेळ उरला नाही.

परवानग्यांविषयी थोडक्यात. भारतात चित्रावरचा हक्क कलावंताच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. बंद दालनात शिकवण्यासाठी प्रतिमा दाखवणे वेगळे आणि व्याख्यानाची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकणे वेगळे; दुसऱ्यासाठी कलावंताची किंवा त्याच्या कलादालनाची लेखी संमती मागावी. निदान तीन आठवडे आधी लिहावे आणि कोणती चित्रे, किती वेळ, कोणापुढे हे पत्रात स्पष्ट असावे.

म्यानमारमध्ये आज राहणाऱ्या एखाद्या कलावंताला व्हिडिओ कॉलवर बोलवायचे असेल तर दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे आहे, त्यामुळे आपले संध्याकाळचे सात म्हणजे त्यांचे आठ. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: २०२१ नंतर तिथे बोललेल्या एका वाक्याची किंमत तिथल्या माणसाला मोजावी लागू शकते. नाव पत्रकावर छापू का, ध्वनिमुद्रण करू का, श्रोत्यांनी मोबाइलवर चित्रण केलेले चालेल का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर सभागृहात मोबाइल बंद ठेवण्याची घोषणा स्वतः करावी, ती संयोजकांवर सोपवू नये. राजकारणावरचे प्रश्न श्रोत्यांकडून चिठ्ठीवर घ्यावेत आणि वाचण्याआधी चाळावेत. पाहुण्याने एखादा प्रश्न हसून टाळला तर तो पुन्हा विचारू नये.

व्याख्यानाच्या दिवशीची तयारी नेहमीचीच: चित्रे पेन ड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर अशी दोन ठिकाणी, वीज गेली तर दाखवण्यासाठी चार मोठे छापील फोटो, आणि हात पुसायला फडकी. वीसच्या वर प्रतिमा घेऊ नयेत. शेवटची प्रतिमा प्लास्टरच्या हातांच्या रांगेची असावी. दिवे लागल्यावर लोक पुढे येतात ते बहुधा साचा पाहायला, आणि त्यांना तो हातात घेऊ द्यावा. साबणाची वडी मात्र मोजून परत घ्यावी, कारण ती हमखास कोणाच्या तरी खिशात जाते आणि पुन्हा कोरायला अख्खी सकाळ लागते.